गुलाबकाकांची घडीची काच

“त्यात काय एवढं? हे तर कोणीबी केलं असतं.”

गिऱ्हाईक हे आपल्या बायकोला म्हणालं होतं, आणि तेही हळूच. त्याच्या हातात गणपतीच्या फोटोची फ्रेम होती. फ्रेमच्या खालच्या पट्टीत कापूर आणि काडेपेटी ठेवायला एक छोटा खण केला होता. दुकानदार आत पाठमोरा उभा राहून आरसा पुसत होता. त्यानं फडकं ठेवलं, बाहेर आला, काच कापायचा हिरा त्या माणसाच्या तळहातावर ठेवला आणि टेबलावर काचेचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

“घ्या भाऊ. करा.”

माणूस हसला. दुकानदार हसला नाही. बायकोसमोर माघार घेता येईना म्हणून त्या माणसानं काचेवर एक रेघ ओढली आणि तुकडा दाबला. काच रेघ सोडून भलतीकडेच तडकली.

“झालं,” दुकानदार शांतपणे म्हणाला. “कोणीबी म्हंता ना, त्या कोणीबीतून तुमी कटले. आता बाकीच्याइले पाहून घेतो.”

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पदवीचं प्रमाणपत्र मांडीवर धरून बसले होते. फ्रेम करायला आले होते आणि वीस मिनिटं झाली तरी तसं सांगायचं धाडस झालं नव्हतं. गुलाबकाकांची आणि माझी पहिली भेट ती.

खरं तर मावल्याला, तेलुगू मुलखातल्या आमच्या गावी, ते आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. तरी तोवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यात त्यांचा दोष नव्हता. शाळेत इंग्रजी, शाळेबाहेर तेलुगू आणि घरात मराठी, अशा तीन भाषा मला येत होत्या आणि तिन्ही भाषांत मी गप्प होते. मी हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरून करते. रोजच्या बैठकीत माझा कॅमेरा बंद असतो. एकदा नव्या साहेबांनी सहज विचारलं होतं की ही मुलगी खरंच आहे की नुसतं नाव आहे. मी लिहून उत्तर दिलं, आहे.

गुलाबकाका उंच, सडपातळ आणि किंचित डावीकडे कललेले होते. आयुष्यभर काचेची तावदानं काखेत धरून चालल्यामुळे त्यांना दारातून सरळ जाता येत नसे. हात रिकामे असले तरी ते आडवे होऊनच आत शिरत. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, देवळात, सगळीकडे. एखाद्या बोटाला चिकटपट्टी कायम असायची, आणि जुन्या कामाची आठवण ते बोटावरून काढायचे. “ते काम? मधल्या बोटाच्या वेळचं.”

काकांच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असे. न्हाव्यासाठी त्यांनी मान वळवणारा आरसा केला होता. शाळेसाठी असा काळा फळा केला होता की उलटा केला की काच, आणि काचेमागे नकाशा. प्रत्येक वेळी लोक वस्तू घेऊन जात आणि जाताना तेच वाक्य टाकून जात. काकांना ते लागायचं. एकदा मला म्हणाले, “पोरी, बनवाच्या आधी कोणाले सुचत नाई. बनवलं का सगळ्याइले आधीच सुचलेलं असते. मंग मी मधात कायले आलो?”

त्यांची सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे घडीची काच. भीमपूरच्या आठवडी बाजारात एक जिलेबीवाला मोटारसायकलवरून काचेची पेटी न्यायचा. दर दोन-तीन बाजारांमागे ती रस्त्यातल्या खड्ड्यांत फुटायची आणि तो काकांच्या दारात यायचा. काकांनी ठरवलं की पेटीची काच चटईसारखी गुंडाळता आली पाहिजे. बाजारात उलगडायची, संध्याकाळी घडी करून पिशवीत टाकायची. त्यांनी काचेच्या उभ्या पट्ट्या कापल्या, त्या सायकलच्या ट्यूबच्या रबरानं एकमेकींना जोडल्या, आणि एका चौकोनी दांड्याभोवती पट्टीवर पट्टी दुमडत नेली. चौथ्या घडीला काच फुटली. पुन्हा केली, पुन्हा फुटली. असं जवळजवळ वर्षभर चाललं. सुमनकाकी, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, “याइले आता फुटल्याचा आवाज आला नाई तर झोप येत नाई.”

मग एके दिवशी काकांनी पट्ट्या असमान कापल्या. पहिलीपेक्षा दुसरी एका ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद, दुसरीपेक्षा तिसरी आणखी एक दाणा रुंद. बाहेरचा वेढा आतल्यापेक्षा मोठा असतो, म्हणून बाहेरची पट्टीही मोठी हवी. सांगितल्यावर एवढंसंच वाटतं. पण काच कापणाऱ्यांची सगळी अब्रू सारख्या पट्ट्यांवर असते. दहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि कडेवरून बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागता कामा नये, यावरून कारागीर ओळखतात. नवशिक्याला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवतात. मुद्दाम वाकडं कापायचं म्हणजे हलवायानं मुद्दाम पाक करपवण्यासारखं. काका म्हणाले, “पहिली असमान पट्टी कापताना मी दुकानाचं शटर खाली केलं होतं. कोणी पाह्यलं असतं तर इज्जत गेली असती.”

ती पेटी घडी झाली. पन्नासदा झाली. जिलेबीवाला पेटी घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, “काका, हे तर पयलेच कराले पाह्यजे होतं, सोपं तर हाय.”

त्यानंतर काकांनी पेटंट घ्यायचं ठरवलं. पैशासाठी नाही. तशी पेटी करून विकायला त्यांना वेळ नव्हता आणि दुसऱ्या कुणी केली तर ते स्वतः जाऊन त्याला पट्ट्यांची मापं सांगून आले असते. त्यांना एक कागद हवा होता. सरकारी शिक्क्याचा, ज्यावर लिहिलेलं असेल की हे कोणीबी केलं नसतं. गावागावातल्या कारागिरांसाठी भरलेल्या एका शिबिरात कुणा प्राध्यापकानं त्यांचा अर्ज भरून दिला, आणि दीर्घ काळानं पेटंट कार्यालयाचं उत्तर आलं. प्राध्यापक तोवर बदलून दूर गेले होते. उत्तर इंग्रजीत होतं. म्हणून काका आडवे होत आमच्या घरात शिरले आणि तो कागद माझ्या पुढ्यात ठेवला.

“वाच. काय म्हंते सरकार?”

मी वाचलं. सरकारनं फार सभ्यपणे लिहिलं होतं की परदेशात एकानं लाकडी पट्ट्यांचं गुंडाळणारं शटर पूर्वीच केलेलं आहे, दुसऱ्या एकानं घडी होणाऱ्या काचेचा मोबाइल केलेला आहे, आणि ही दोन्ही माहीत असलेल्या, या कामात निपुण अशा माणसाला अर्जदाराची पेटी सहज सुचली असती. म्हणून हा शोध उघड आहे. हरकत असल्यास समक्ष म्हणणं मांडावं.

“म्हणजे?” काकांनी विचारलं.

“म्हणजे,” मी म्हणाले, “हे कुणीही केलं असतं, असं म्हणतायत.”

काकांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. “तेबी तेच म्हंते?”

पण ते खचणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून जाताना पाहिलं, तर त्यांनी दुकानाच्या शटरला सुतळीनं आपला मोबाइल बांधला होता आणि शटर वर-खाली करत होते. तिसऱ्या वेळेला मोबाइल वरच्या गुंडाळीत गेला तो आलाच नाही. काकांनी मला बोलावून सांगितलं, “लिहून घे. शटर अन् मोबाइल एकत्र करून पाह्यले. पेटी झाली नाई. मोबाइल गेला.” हे उत्तरात घालावं असा त्यांचा आग्रह होता. मी नाही म्हणू शकले नाही. तिसऱ्या परिच्छेदात घातलं.

त्या निपुण माणसाबद्दल मीही जमेल तेवढं वाचलं. तो म्हणे खरा नसतो. कायद्यानं कल्पिलेला असतो. त्याला आपल्या धंद्यातलं सगळं ठाऊक असतं, हात बसलेला असतो, जगात छापलेलं सगळं त्यानं वाचलेलं असतं, पण त्याला स्वतःला नवीन काही सुचत नाही. एखादी गोष्ट अशा माणसालाही सुचली असती का, एवढंच पाहायचं; सुचली असती तर पेटंट नाही. मी हे काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते हिरा हातात धरून ऐकत होते.

“खरा नसते असं कोण म्हंते?” ते म्हणाले. “हाय की. आपला मारोती.”

मारोतीमामा म्हणजे सुमनकाकींचे सख्खे भाऊ. तीस वर्षं काकांच्या दुकानात काच कापत होते, आणि काका गेल्यापासून आता दुकान तेच सांभाळतात. जिल्ह्यात त्यांच्यासारखी सरळ काच कुणी कापत नाही. सांगितलं तेवढं करायचे, सांगितलं तसंच करायचे, आणि सांगितलं नाही तर बसून राहायचे. एकदा काका तीन दिवस गावाला गेले तेव्हा मामांनी तीन दिवस तोच आरसा पुसला होता.

काकांनी त्यांना स्टुलावर बसवून चौकशी केली. मी लिहून घेत होते.

“मारोती, नीट याद करून सांग. तुले आजपर्यंत कधी काई सुचलं का?”

मामांनी डोळे मिटले. प्रश्न त्यांनी फार मनावर घेतला होता. “एकदा सुचलं होतं,” ते म्हणाले. काका घाबरले.

“काय सुचलं होतं?”

“बहिणीच्या लग्नात. तुमच्याच. वाटलं, पंगत उलट्या बाजूनं वाढाव.”

“मंग?”

“मंग म्हटलं जाऊ द्या.”

“वाढली का उलटी?”

“नाई.”

“मंग ते धरत नाई,” काकांनी निर्णय दिला. “लिहू नको पोरी.”

तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून हलफनामा करून घेतला. आमच्याकडे शपथपत्राला अजूनही हलफनामाच म्हणतात. त्यात लिहिलं होतं की मी, अमुक, वय अमुक, काचेच्या कामात तीस वर्षांपासून निपुण असून मला आजतागायत एकही नवीन कल्पना सुचलेली नाही, हे मी शपथेवर आणि कुणाच्या दबावाखाली न येता सांगतो. टायपिस्ट तेलुगू माणूस. त्यानं मजकूर दोनदा वाचला, चष्मा काढून मामांकडे पाहिलं, “सरे”, म्हणजे बरं, म्हणाला आणि साक्षीला दोन गवाह लागतील असं सांगितलं. बाजारातले पाच जण सही करायला तयार झाले. किराणावाला म्हणाला, “मी तर याच्याइतका खात्रीचा कागद आजवर पाह्यला नाई.”

फक्त सुमनकाकी भडकल्या. “माझ्या भावाले बिनडोक म्हणून कोर्टात लिहून देऊन राह्यले? लाज नाई वाटत?”

“बिनडोक कोण म्हंते? निपुण हाय तो. सरकारले पाह्यजे तसा. डोकं हाय, फक्त त्याच्यात नवीन काई येत नाई.”

“अन् तुमच्या डोक्यात येते ते? घरात एक कप धड राह्यला नाई.”

मामा मात्र खुश होते. त्यांच्याविषयी सरकारनं कधी काही लिहिलं नव्हतं. आता सरकारी कागदात इतक्या ठिकाणी त्यांचा उल्लेख होता. त्यांनी पेशीसाठी नवा पांढरा शर्ट शिवला. पेशी म्हणजे सुनावणी. ती व्हिडिओवर होणार होती. काकांनी घडीची पेटी त्यांच्या हवाली केली. “आठ दिवस तुझ्यापाशी ठेव. पाहून घे, समजून घे. सायेब विचारतील का हे तुले सुचलं असतं काय. तू खरं तेच सांग.”

“खरंच सांगतो भाऊजी,” मामा म्हणाले. “मले काई सुचत नाई.”

अर्जदार स्वतः बोलू शकत होता, आणि सोबत भाषांतर करायला कुणी बसलं तर चालणार होतं. भाषांतर मी करायचं ठरलं. मला विचारलं नव्हतं. काका म्हणाले होते, “तुले बोलाचं नाई काई. मी बोलतो तेच फक्त तिकडून इंग्रजीत काढ.” हे मला बरं वाटलं. दुसऱ्याचं बोलणं असलं की माझा आवाज त्यातल्या त्यात निघतो.

सुनावणी दुकानातच ठेवली, कारण काकांना आपल्या टेबलावरच पेटीची घडी करून दाखवायची होती. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून शटर खाली केलं. दिवे लावले. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि कॅमेरा सुरू करताना माझ्या लक्षात आलं की दुकानात चारी भिंतींना आरसे आहेत. कॅमेऱ्यात एकदा आणि भिंतींवर चाळीसदा, जिकडे पाहावं तिकडे मीच घाबरून बसले होते.

पडद्यावर अधिकारी आले. मध्यम वयाचे, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी हलफनामा वाचला होता. तो हातात धरून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले की असा पुरावा त्यांच्यापुढे प्रथमच येतो आहे. मी ते मराठीत सांगितलं. मामांनी उभं राहून नमस्कार केला.

मग अधिकाऱ्यांनी मुद्द्याचं विचारलं. पट्ट्या जोडायच्या आणि गुंडाळायच्या हे शटरवरून सुचू शकतं. तुमच्या पेटीत त्याहून वेगळं काय आहे?

“सांगत नाई,” काका म्हणाले. “करून दाखवतो.”

मामांनी पेटी चादरीत गुंडाळून उभीच आणली होती. काकांनी चादर काढली. काच इतकी स्वच्छ पुसली होती की ती तिथे नाहीच असं वाटत होतं. काकांनी दांडा धरला आणि पहिली घडी घातली. दुसऱ्या घडीला त्यांचा हात थांबला. त्यांनी बोट कडेवरून फिरवलं. मला वाटलं ते थांबतील, पण पडद्यावरचा माणूस पाहत होता. त्यांनी तिसरी घातली. चौथ्या घडीला काच फुटली, आणि चाळीस आरशांत फुटली.

रबराला लटकलेला एक तुकडा हलत होता.

“मारोती,” काकांनी हळू आवाजात विचारलं, “पट्ट्याइले हात लावला काय तू?”

“लावला ना,” मामा म्हणाले. ते जरा गोंधळले होते, पण चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान होतं. “भाऊजी, पट्ट्या लहानमोठ्या होत्या. एकीचं माप दुसरीले लागत नव्हतं. म्हटलं घाईत चुकलं असन तुमचं. सायबासमोर आपली इज्जत जाईन. काल दुपारी बसून साऱ्या सोडवल्या, लहान पट्टीच्या मापानं सारख्या कापल्या अन् पुन्हा जोडल्या. बोट फिरवून पाहा, कुठं लागते काय?”

“घडी करून पाह्यली नाई?”

“घडी कायले करू? सारख्या झाल्या होत्या ना.”

काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. चिकटपट्टी लावलेलं बोट दुसऱ्या हातात धरून बसले. त्यांच्याकडे पाहताना मला प्रथमच कळलं की हा माणूस म्हातारा आहे. पडद्यावरून अधिकारी विचारत होते की काय झालं, ते गृहस्थ काय सांगताहेत.

“सांग सायबाले,” काका माझ्याकडे न पाहता म्हणाले. “म्हण, तुमचंच बरोबर. काई विशेष नाई त्याच्यात. अर्जी वापस घेतो म्हणून सांग. मारोतीले काई बोलू नका कोणी.”

मामांचा चेहरा आता उतरला होता. ते काचेचे तुकडे वेचायला खाली वाकले आणि सवयीनं ते आकारानुसार लावू लागले.

अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, अर्जदार काय म्हणाले?

माझं काम सोपं होतं. चार शब्दांचं इंग्रजी वाक्य होतं आणि ते माझ्या जिभेवर तयार होतं. ते उच्चारलं असतं तर पडद्यावरची खिडकी बंद झाली असती, कॅमेरा बंद झाला असता, शटर वर गेलं असतं. मी मामांच्या हातांकडे पाहत होते. एका तुकड्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, सगळे सारखे. आणि मला दिसलं की आम्ही गावभर ज्यासाठी हलफनामा करत फिरलो, ते आत्ता, या टेबलावर, आमच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं आहे. काकांना ते दिसलं नव्हतं, कारण ते पेटीकडे पाहत होते. मामांना दिसणं शक्यच नव्हतं. पडद्यावरच्या माणसाला मराठी येत नव्हती. राहिले मी.

भिंतीवरच्या चाळीस जणींनी तोंड उघडलं. आवाज माझा होता, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“सर, अर्जदार काय म्हणाले ते मी सांगणार नाही. मी काय पाहिलं ते सांगते. हे खाली बसलेले गृहस्थ तीस वर्षं काच कापतात, आणि आपण आपल्या पत्रात ज्या निपुण माणसाबद्दल लिहिलं आहे तो माणूस हाच आहे. हा शोध त्यांना सुचला असता का, असं आपण विचारता. सर, तो त्यांच्या घरात आठ दिवस तयार होऊन उभा होता. त्यांनी तो नीट पाहिला, हाताळला, मापला, आणि चूक समजून दुरुस्त केला.”